लिननच्या कोटाला अळशीची खळ

आमच्या नंदुरबारात एक गृहस्थ दिवाळी अंक काढतात. ते माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या धोतराच्या कोणत्या टोकाला शाई लागते आणि कोणत्या टोकाला आमटी, हे त्यांच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक. परवा धोतरं न्यायला आले तेव्हा म्हणाले, "भिकाजी, लढाईपायी कापड मिळेनासं झालंय. लोकांनी पेट्यांतले जुने लिननचे कोट बाहेर काढलेत. घरच्या घरी ते कसे सांभाळावेत, यावर अंकासाठी काहीतरी लिहून द्या. तुमची मराठी पाचवी झालेली आहे, अक्षरही बरं आहे."

मी छाती पुढे काढली. आतून आमच्या मंडळींचा, म्हणजे काशीचा, आवाज आला, "लिखा, लिखा! लोके घरमाच धोवाले लागनात का मंग आपण दोन्ही बठूत नदीवर मासा मारत!"

संपादक हसत हसत गेले आणि मी लेखक झालो.

काशीला वाटते तशी भीती मला वाटत नाही. धुण्याची रीत सांगून परटाचं गिऱ्हाईक तुटत नसतं. एकदा घरी लिननचा कोट धुऊन पाहिला की माणूस स्वतः होऊन परटाचं घर विचारत येतो, आणि येताना तोंड लपवून येतो. तेव्हा रीत सांगतो. मात्र ती सांगायची तर मला हिरामण पाटलाच्या कोटाची हकीकतही सांगावी लागेल. खरं सांगायचं तर हकीकतीसाठीच मी होकार दिला.

आधी लिनन म्हणजे काय ते सांगतो. सुती कापड ही गरीब गाय. आपटा, पिळा, सोड्याच्या पाण्यात भिजवून हंड्यावर वाफेला ठेवा, ती बिचारी पांढरी होऊन परत येते. लिनन म्हणजे घरचा जावई. अंगाला थंडगार, दिसायला राजबिंडा, पण बसला की रुसला! कोट घालून जरा खुर्चीवर टेका, उठेपर्यंत पाठीवर सातपुड्याच्या रांगा उमटलेल्या. आणि जावयासारखंच, त्याला राग आला की तो वाकवून चालत नाही. तापवावा लागतो.

लिनन पिळायचं नाही. धुतलं की तसंच निथळत टांगायचं. पुरतं वाळू द्यायचं नाही. हाताला गारवा लागतोय तोवर उतरवायचं आणि उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवायची. एकदा का ते उन्हात खडखडीत वाळलं, की चिंचेच्या कोळशाची लालबुंद इस्त्री घेऊन साक्षात मी आलो तरी त्या सुरकुत्या हटत नाहीत. दुधाळ रंगाच्या लिननला नीळ दाखवायची नाही. कोट हिरवट पडतो आणि आतला माणूस आजारी दिसतो. घडी दरवेळी निराळ्या जागी घालायची, कारण एकाच जागी मोडत राहिलं तर हे कापड तिथेच तुटतं. आणि एक गुण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे: ओलं झालं की लिनन जास्तच चिवट होतं.

हे सगळं मला कुणी शिकवलं? थोडं बापाने, थोडं नदीवरच्या दगडाने, आणि बाकीचं एका मडमने.

ही मडम नवापूरकडच्या डोंगरात मिशनच्या शाळेवर होती. आगगाडीने नंदुरबारला आली की तिचं एक गाठोडं माझ्याकडे असे. त्यात प्रार्थनेच्या मेजावर अंथरायची लिननची कापडं. मराठी ती पुस्तकांतून शिकलेली. पहिल्याच भेटीत ती माझ्या मेजापाशी उभी राहून इस्त्री पाहू लागली. आता पाहणारं कुणी असलं की माझ्या अंगात येतं. मी लोटाभर पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले, डोळे वटारले आणि फुर्र्र करून त्या कापडावर असा बारीक फवारा सोडला की धुकं पडल्यासारखं वाटावं.

मडम किंचाळली. "परीटबुवा! आपण माझ्या पवित्र वस्त्रावर थुंकलात?"

"मडम, थुंकी आणि फवारा यांत फरक असतो."

"तो फरक मला दिसला नाही!"

मग तिला अंगणात नेलं. उन्हाकडे पाठ करून पुन्हा फवारा मारला. हवेत एवढंसं इंद्रधनुष्य उभं राहिलं. मडम बघतच राहिली. मग म्हणाली, "मला शिकवा." आणि लोटा उचलून तिने गाल फुगवले. तिचा फवारा हनुवटीवरून सरळ गळ्यात उतरला. काशी दारात उभी होती, ती हसून हसून खाली बसली. "माय वं, मडम आंग धोई ऱ्हायनी!" त्या दिवसापासून मडमचं आणि आमच्या घराचं जमलं. तिच्या कापडांवर मात्र तिने मला हातानेच पाणी शिंपडायला लावलं, ते शेवटपर्यंत.

एकदा ती पौषात आली. आमच्या परसामागे एका पाटलाचं अळशीचं शेत होतं. काही ठिकाणी अळशीला जवस म्हणतात. शेत निळ्या फुलांनी भरलेलं. मडम बोलता बोलता थबकली, कुंपणापाशी गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"ही फुलं इथेही आहेत?"

"तर काय. हिच्या दाण्याची चटणी करतो आम्ही."

"आणि काड्यांचं?"

"चुलीत घालतो."

ती वळून माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी सोनं जाळत होतो. मग तिने सांगितलं. तिच्या थंड मुलखात याच झाडाच्या काड्या भिजत घालतात, कुजवतात, बडवतात, त्यातून धागा काढतात. तोच लिननचा धागा. गाठोड्यातलं एक कापड तर तिच्या आजीने स्वतः विणलेलं होतं. मी चाट पडलो. आयुष्यभर ज्या कापडाला साहेब समजून दबून वागलो, ते आमच्या चटणीचं सख्खं भावंड निघालं! काशीने लगेच मडमला भाकरी आणि अळशीची चटणी वाढली. मडमने सगळी खाल्ली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आमच्या मिरचीचं होतं की तिच्या आजीचं, हे काही मी विचारलं नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधी ती मायदेशी गेली. पुढची हकीकत तिला सांगायची राहूनच गेली, याची चुटपूट मला आहे. ऐकून ती पुन्हा एकदा किंचाळली असती, आणि तो आवाज मला ऐकायचा होता.

तर आता हिरामण.

तापीकाठच्या एका खात्यापित्या घरचा हा मुलगा पुण्याला शेतकीचं शिकून आला होता. येताना लिननचा दुधाळ रंगाचा कोट घेऊन आला. उंच, गोरा, स्वभावाने गाईसारखा. तो खुशीत असला की पुण्याचं मराठी बोले आणि घाबरला की अहिराणी. मार्गशीर्ष लागला होता. एका सकाळी तो काखेत गुंडाळी घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, "भिकाभाऊ, मन्हं काही खरं नई."

मी ओळखलं, प्रकरण मोठं आहे.

गुंडाळी उलगडली तर आत तो कोट. त्याच्या आईने मायेने घरी धुतला होता, पिळला होता, कडक उन्हात वाळवला होता आणि वर ज्वारीच्या पिठाची खळ लावली होती. कोटावर जागोजाग पांढऱ्या पापड्या धरलेल्या. गजकर्ण झालेल्या म्हशीची पाठ तुम्ही पाहिली असेल, तर मी आणखी वर्णन करत नाही.

"हाऊ कोट घालीसन मी सारंगखेडाले जाऊ कसा?" हिरामण म्हणाला.

सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, हे आमच्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण हिरामण घोड्यासाठी जात नव्हता. घोड्यांना तर तो भीत होता. लहानपणी एका तट्टाने त्याला बोरीच्या काटेरी कुंपणात फेकलं होतं. तेव्हापासून तो टांग्यातही मागच्या बाजूला बसे. तो जाणार होता दौलतबापूंसाठी.

दौलतबापू हे त्या भागातले घोड्यांचे नामांकित शोकीन. अंगाने काटकुळे, पण घोड्यांशी कुजबुजत बोलायचे आणि माणसांवर ओरडायचे. त्यांची मुलगी सुभद्रा. हिरामणने तिला एका नात्यातल्या लग्नात पाहिलं होतं. तो जिलबीचं ताट घेऊन तिच्यासमोर नुसता उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली होती, "पुणाले बोलाले शिकाडतस, वाढाले शिकाडतस नई का?" तेवढ्यावर हा गडी गार झाला. आणि पुढे कळलं की तिकडचं मनही काही कोरडं नव्हतं.

अडचण होती ती दौलतबापूंच्या रीतीची. बापूंची चांदणी नावाची पांढरी घोडी होती. बापू मुलीसाठी येणारं प्रत्येक स्थळ तिच्यासमोर उभं करीत. "माणूस माले फसाडी जाई, घोडी फसाव नई," असं ते म्हणत. आदल्या वर्षी आलेल्या एका स्थळाचा फेटा चांदणीने दातांनी उचलला आणि पाण्याच्या हौदात सोडला. फेट्यामागोमाग स्थळही गेलं. आता या यात्रेत हिरामणची पाळी होती.

"सुभद्रानी मावशीजोडे निरोप धाडा," हिरामण खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणे, बापू घोडी दाखाडतीन. पळू नका."

"मंग पळू नको."

"पाय मन्हा ऐकाव नईत, भिकाभाऊ! निदान कोट तरी असा कर का मी आतमा कापी ऱ्हायनू हाई बाहेर दखावाव नई."

बघा, काय मागणं! कोट इतका ताठ हवा, की आत माणूस थरथरला तरी बाहेर समजू नये. परटाच्या हातात कुणाचं लग्न असं रोज येत नाही. मी म्हटलं, "जा. यात्रेत भेट. कोट मी घेऊन येतो, तिथेच अंगावर चढव. बैलगाडीतून घालून आलास तर पोचेपर्यंत त्याचं धिरडं होईल."

त्याच्या आईची खळ मी कोमट पाण्यात भिजवून भिजवून काढली. कोट स्वच्छ झाला. आता प्रश्न नव्या खळीचा. तांदळाची दाट लावली तरी दुधाळ लिननवर पांढरी झाक मारते, आणि पातळ लावली तर ताठपणा येत नाही. मला हवी होती अशी खळ, जी काचेसारखी आरपार असेल. मी विचार करत चुलीपाशी बसलो. चुलीवर काशीने नुकत्याच व्यालेल्या आमच्या गाईसाठी अळशी शिजत ठेवली होती. तुम्ही शिजलेली अळशी पाहिली आहे ना? दाण्याभोवती बुळबुळीत, चकचकीत, आरपार रस सुटतो. मी त्यात बोट बुडवलं. बोटाला बोट चिकटलं. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली.

अहो, लिनन कुणाचं लेकरू? अळशीचं! मग लेकराला आईचंच दूध का पाजू नये?

मी रस गाळून घेऊ लागलो. काशी गाईपाशी होती, ती धावत आली. "गोदीना बाप, काय करी ऱ्हायनात? गायनी अळशी शे ती!"

गोदी ही आमची मुलगी. तिच्या नावानेच काशी मला हाक मारते.

"दाणे गाईला दे. मला नुसता रस हवा."

"कसाले?"

"हिरामणच्या कोटाला."

काशीने कपाळावर हात मारला. "कोट काय व्यायना शे का?"

पण कलावंताला घरात कधी मान असतो? मी रसात चिमूटभर मीठ टाकलं. ही आमची धंद्यातली जुनी युक्ती: खळीत मीठ असलं की इस्त्री चिकटत नाही. कोट त्यात बुडवला, निथळला, गारवा असतानाच उलट्या बाजूने इस्त्री केली. वाचकहो, काय सांगू! कोटाला तापीच्या कोरड्या वाळूसारखी सोनेरी झाक आली. वास असा खमंग सुटला की शेजारीण विचारायला आली, चटणी कुटताय का म्हणून. आणि ताठ किती? मी तो जमिनीवर ठेवला तर तो माणसाशिवाय उभा राहिला.

यात्रेला जाताना कोट मी कापडात गुंडाळून आमच्या गाढवाच्या पाठीवर बांधला. गाढवाचं नाव सरदार. सरदार म्हणजे शहाणा प्राणी, सरळ रस्त्याने खाली मान घालून चालणारा. पण त्या दिवशी तो दर थोड्या वेळाने मान वळवून पाठीवरच्या गुंडाळीकडे बघे आणि ओठ हलवी. मला वाटलं, इतका देखणा कोट पाठीवर असल्याचा त्यालाही अभिमान वाटतोय. गाढवाला जे कळलं, ते मला कळलं नाही. हे वाक्य काशी गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगते.

तापी ओलांडून सारंगखेड्याला पोचलो. काय ती यात्रा! जिकडे बघावं तिकडे घोडे. काळे, तांबडे, कबरे. बाभळींना बांधलेले, धूळ उडवत पळवून दाखवले जाणारे, रंगीत गोंडे घालून नाचणारे. मी एका लिंबाखाली मेज मांडलं, कारण यात्रेत फेट्यांना आणि झुलींना इस्त्री करून घेणारे शोकीन भेटतात. थोड्याच वेळात हिरामण आला. तोंड हळदीसारखं पिवळं. मी त्याच्या अंगावर कोट चढवला, बटणं लावली आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. आत माणूस कापत होता. बाहेर काही दिसत नव्हतं!

"चल," मी म्हणालो. "मी मागे आहे."

आम्ही घोड्यांच्या रांगांमधून निघालो. पहिल्याच रांगेतल्या एका तट्टाने मान लांब केली आणि हिरामणची बाही चाटली. हिरामणने डोळे मिटले. पुढे एका उमद्या तांबड्या घोड्याने मालकाच्या हातातून लगाम ओढला आणि हिरामणच्या पाठीला नाक लावलं. मग एक शिंगरू आईला सोडून मागे लागलं. आम्ही चाललो की दोन्ही बाजूंच्या माना वळत, जशा वरातीत नवरदेवाकडे वळतात. लोक जमू लागले.

"हाऊ कोन शे रे भो?"

"घोडास्ना वैद्य व्हई."

"वैद्य नई, काहीतरी मंतर जाणस. देख, देख, त्यानाकडे कशी देखी ऱ्हायनी ती घोडी!"

मी मागून चालत होतो आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं. बाजाराआधी घोड्याच्या अंगाला चकाकी यावी म्हणून ही माणसं महिनाभर त्याला काय खाऊ घालतात? शिजवलेली अळशी! वर चिमूट मीठ! मी हिरामणला कोट घातला नव्हता. मी त्याला घोड्यांचं जेवण घातलं होतं आणि घोड्यांच्या बाजारात सोडलं होतं.

"हिरामण," मी हळूच म्हणालो, "परत फिरतोस का?"

"पळू नका असं सांगेल शे," तो दातांतून बोलला आणि चालत राहिला.

दौलतबापू आपल्या राहुटीपुढे उभे होते. शेजारी चांदणी, खुंटा उपटायच्या बेतात. हिरामणने वाकून नमस्कार केला. बापूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि ते बाजूला झाले.

चांदणीने कान टवकारले. ती पुढे आली. तिने त्याच्या छातीचा वास घेतला, मग खांद्याचा. मग तिने आपली लांबलचक जीभ बाहेर काढली आणि कॉलरपासून कोपरापर्यंत एकच सपकारा मारला. माझी इस्त्री गेली! मग दुसरा. मग तिने बाही दातांत धरली आणि ओढली. हिरामण एक पाऊल पुढे गेला. तिने आणखी जोर केला. कुणी म्हणालं, "फाटनी, फाटनी बाही!" पण फाटली नाही. माझ्या तोंडून त्या अवस्थेतही निघून गेलं, "नाही फाटायची! ओलं लिनन आहे!"

हिरामण उभा होता. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे, पण पाय जागचे हलत नव्हते.

तेवढ्यात राहुटीतून सुभद्रा बाहेर आली. तिच्या हातात घमेलं. घमेल्यात चांदणीचं खाणं, म्हणजे गूळ घातलेली गरम अळशी. चांदणीने घमेल्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि पुन्हा कोट चाटायला लागली. सुभद्रा थबकली. रोज सकाळी तीच ती अळशी शिजवत असणार. तिने हवेत वास घेतला. मग तिची नजर माझ्यावर आली, इस्त्रीने डागलेल्या माझ्या बोटांवर आली. मला वाटलं, संपलं. आता ही बोलणार, बापू आधी माझ्यावर ओरडणार आणि मग हिरामणवर.

"परीटदादा," ती म्हणाली, "कोटले खळ कसानी लाई?"

मी बोटं पाठीमागे लपवली. "घरनी... घरनीच शे ताई."

"काय वं?" बापू ओरडले. "खळनं काय काढं आते?"

सुभद्राने पदराचं टोक दातांत धरलं. तिचे खांदे हलत होते. "काही नई, बापू. कोट चांगला धोयेल शे, एवढंच."

बापूंनी घोडीकडे पाहिलं. मग हिरामणजवळ जाऊन, माणसांशी ते कधी बोलत नसत तशा हळू आवाजात विचारलं, "घाबरना का रे?"

हिरामणने डोळे न उघडता खरं सांगितलं, "हा बापू. भलताच घाबरनू."

"मंग पळना कसा नई?"

"पळू नका, असं सांगेल व्हतं."

"कोनी सांगं?"

हिरामणने डोळे आणखी घट्ट मिटले. सुभद्राने घमेलं तिथेच खाली ठेवलं आणि ती इतक्या झपाट्याने राहुटीत गेली की पडदा बराच वेळ हलत राहिला. बापूंनी त्या पडद्याकडे पाहिलं. मग हिरामणकडे. मग त्यांनी चांदणीच्या तोंडातून बाही सोडवली, ती हाताने जमेल तेवढी पुसली आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "पाव्हनास्ले जेवाले वाढा रे!"

आमच्याकडे एवढं म्हटलं की ठरलं.

घरी आलो तेव्हा काशीला सगळं नाटक करून दाखवलं. चांदणी मी झालो, बाही म्हणून तिच्या लुगड्याचा पदर घेतला. ती हसली, पण शेवटी बोललीच: "तुम्हनी खळनी लगीन लावं म्हणीसन मिरवू नका. पोऱ्या उभा ऱ्हायना म्हणीसन व्हयनं."

आता भगिनींनो, तुमच्यासाठी जे लिहायला बसलो ते पुरं करतो. अळशीची खळ घरी लावू नका. नवी असताना कोट सोन्यासारखा दिसतो, पण चार महिन्यांनी पिवळा पडतो, आणि पावसाळी हवेत त्याला खाटकाच्या पाटीसारखा वास येतो. लिननला खळ तांदळाचीच, तीही अगदी पातळ. आणि पेटीत ठेवताना खळ पुरती धुऊन काढून ठेवा, नाहीतर कसर लागते. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. एवढं पाळलंत तर कोट तुमच्या नातवाला होईल. हिरामणचा तो कोट अजून माझ्याकडे येतो. बाहीवर चांदणीच्या दातांची खूण आहे. ती सुभद्राताई घालवू देत नाहीत. मी पण घालवत नाही.

पण लग्नाआधीची एक गोष्ट राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या दारापुढे टापा वाजल्या. दौलतबापू स्वतः, चांदणीवर बसून. खाली उतरले, बगलेतलं बोचकं माझ्या मेजावर ठेवलं. आत नवरदेवाचा वरातीचा पोशाख.

"उद्या पोऱ्या चांदणीवर बठी," बापू म्हणाले. "वरात गावमाईन फिरी. कपडा चांगला कर, भिका."

"करतो, बापू. एकदम ताठ करतो."

"खळ कसानी लावशी?"

मी शेल्फावरची वाटी खाली काढली आणि त्यांना पांढरीशुभ्र खळ दाखवली. "तांदळाची, बापू. एक नंबर तांदूळ."

बापूंनी वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, या माणसाला यात्रेच्या दिवशीच, बाही पुसताना, सगळं कळलं होतं. ज्याने जन्मभर घोड्यांना अळशी घातली, त्याच्या नाकाला कोण फसवणार?

"तांदूळनी?" ते ओरडले. "मन्ही घोडी काय तांदूळ खास का?"

बाहेर चांदणीने खूर आपटला. मी वाटी शेल्फावर परत ठेवली आणि आत तोंड करून हाक मारली, "काशी, अळशी घाल शिजायला!"

आतून उत्तर आलं, "पहिले गायले, मंग नवरदेवले!"